गुडघ्यापर्यंत समुद्र

“गुडघ्यापर्यंत, लिसांद्रो. गुडघ्याला पाणी लागलं की मागे फिरायचं. समुद्र गोड बोलेल, हाका मारील. मारू दे. आपण मागे फिरायचं.”

आईचा हा आवाज माझ्या कानात अजून जसाच्या तसा आहे. मक्याच्या पिठाचे आरेपा थापता थापता ती हे सांगायची, आणि सांगताना हात थांबायचा नाही. पिठात मीठ किती घालायचं ते सांगावं तसं सांगायची. माझा भाऊ दारात उभा राहून मान डोलवायचा. माझ्याकडे ती बघायचीसुद्धा नाही.

आमचे वडील आणि सगळ्यात थोरला भाऊ एकाच सकाळी एकाच होडीतून गेले आणि होडी तेवढी परत आली. लिसांद्रो तेव्हा चड्डी घालण्याच्याही वयाचा नव्हता. आईनं त्याला कडेवर घेतलं, चर्चमधल्या खोऱ्याच्या माउलीपुढे उभी राहिली आणि नवस बोलली: दोघं गेले, हा मला ठेव. हा कधी होडीत पाय घालणार नाही, आणि समुद्राला याचा गुडघ्याच्या वरचा पाय कधी दिसणार नाही. कानातल्या चांदीच्या रिंगा वितळवून तिनं एक पाय करून घेतला, अंगठ्याएवढा, गुडघ्यापर्यंतचा. तो आमच्या ला कालेता गावच्या चर्चमध्ये माउलीच्या झग्याला टाचलेला आहे. त्याच्या शेजारी इतरांनी वाहिलेले हात आहेत, डोळे आहेत, एक होडी आहे, कुणाचं तरी गाढवही आहे. दर शनिवारी मी ते सगळं राखेनं घासून लखलखीत करते. माउलीचं नाव खोऱ्याचं असलं तरी तिचं सगळं लक्ष समुद्राकडे असतं, हे आमच्या मार्गारीता बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

मुलीबद्दल आई काहीच बोलली नव्हती. मुलीला होडीत कोण घेतं? म्हणून मी लहानपणापासून पोहते. पहाटेची जपमाळ झाली की जुना सुती झगा घालून पुळणीवर जायचं, आणि पेलिकन बसतात त्या खडकापर्यंत पोहून परत यायचं. बुधवारी मी अळणी जेवते, दुपारी बुडालेल्यांसाठी मेणबत्ती लावते, सणाच्या आधी गोडाला शिवत नाही. ती माझी व्रतं. पोहणं हे काही व्रत नव्हे. ते मला आवडतं, इतकंच. पाठीवर तरंगताना कान पाण्यात जातात, गावाचा गलका बंद होतो, आणि माउलीला जे सांगायचं ते मी तिथे सांगते. चर्चमध्ये मागे पुळणीवर तळण विकणारी बाल्बीना बसलेली असते आणि तिला ऐकू फार चांगलं येतं.

असा हा माझा कोरड्या पायांचा भाऊ मोठेपणी समुद्राचा लेखक झाला.

लिसांद्रो बेयोरिन हे नाव राजधानी काराकासमध्ये न्हाव्याच्या दुकानातही माहीत आहे. त्याचा कप्तान बेर्नाबे दक्षिणेच्या टोकाला वळसा घालून आला, चाच्यांच्या तावडीतून त्यांचंच जहाज घेऊन पळाला, देवमाशाच्या पाठीवर नाताळ साजरा करून आला. दोनदा मेला, आणि वाचकांनी एवढा आरडाओरडा केला, की दोन्ही वेळा त्याला जिवंत व्हावं लागलं. गाव माझ्या भावाला माएस्त्रो म्हणतं. आणि माएस्त्रोची सगळी जहाजं आमच्या पुळणीवरच्या एका झाडाखाली तयार झाली. तिथे कोळी जाळी विणत बसतात. हा उपड्या खोक्यावर बसायचा आणि विचारायचा, “वादळात डोलकाठी मोडताना आवाज कसा येतो?” मग सगळे एकदम बोलायचे, आणि एकमेकांवर कडी करायचे.

त्यात चेंचो सगळ्यांच्या वरचा. चेंचो आमच्या गावच्या होड्यांचा पुढारी. त्याची मुलगी बाप्तिस्म्याच्या वेळी लिसांद्रोनं हातावर घेतली, तेव्हापासून दोघं एकमेकांना कोम्पाद्रे म्हणतात. चेंचोनं एकदा सांगितलं, की वादळात डोलकाठीच्या टोकावर निळी आग दिसते आणि तिला आल्याचा वास येतो. लिसांद्रोनं ते जसंच्या तसं छापलं. पुढे नॉर्वेचा एक म्हातारा खलाशी आम्हाला शोधत आला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, “मी ती आग जन्मभर पाहिली, पण वास येतो हे तुमचं पुस्तक वाचेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.” चेंचोनं त्याला मिठी मारली. नंतर मला आदरानं हाक मारत म्हणाला, “दोन्या एलोदिया, ते आलं मी त्या दिवशी चहात घातलं होतं.”

लिसांद्रोला हे माहीत नव्हतं असं नाही. तो म्हणायचा, “चेंचो खरं बोलतो तेव्हा त्याला काही आठवत नाही. खोटं बोलतो तेव्हा मांजराचा रंगसुद्धा सांगतो. मला रंग हवा असतो.”

बाहेरगावचं कुणी आलं, की अख्खं गाव भावासाठी चेंचो व्हायचं. “माएस्त्रो? समुद्रावर गेलेत. वारा बघून येतील.” आणि माएस्त्रो मागच्या अंगणात झोळीत घोरत असायचे. एकदा मासिकवाले फोटो काढायला आले. होडी वाळूत रोवली, खालून कॅमेरा धरला, आणि चेंचोच्या पोरींनी दोन्ही बाजूंनी बादल्या भरभरून पाणी उडवलं. तो फोटो किती देशांत छापून आला! नीट पाहिलं तर त्यात एक कोंबडी आहे. कुणी नीट पाहत नाही.

पण गंमत गंमतीच्या जागी. नवसाच्या बाबतीत गावात कुणी हसत नसे. तो पाण्यात उतरला, की पुळणीवरची पोरं ओरडायची, “गुडघा, माएस्त्रो!” आणि तो हात वर करून मागे फिरायचा. बक्षीस घ्यायला काराकासला बोलावलं तेव्हा तो विमानानं गेला, आणि खाली समुद्र आहे म्हणून सगळा वेळ पाय वर घेऊन मांडी घालून बसला. परत आल्यावर आई म्हणाली, “आकाशाचं मी काही बोलले नव्हते. उगाच पाय आखडून घेतलेस.”

आई गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. यंदा लिसांद्रोच्या डोळ्यांत पडदा आला. पोर्लामार शहरातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डावा गेल्यातच जमा आहे, उजवा अजून थोडे दिवस साथ देईल, बघायचं ते बघून घ्या. लिसांद्रो म्हणाला, “मला एकच गोष्ट बघायची आहे.” डॉक्टरांना वाटलं, नातवंडं. त्याला नातवंडं नाहीत. त्यानं लग्नही केलं नाही. त्याच्यापाशी मी आहे आणि कप्तान बेर्नाबे आहे.

बेर्नाबेचं हे शेवटचं पुस्तक होतं. कप्तान म्हातारा झालाय, सगळे समुद्र संपले, आता त्याला घरी यायचंय. आणि तिथेच गाडं अडलं होतं. माझ्या भावानं इतकी जहाजं बंदरातून सोडली, पण परत येणाऱ्या माणसाला आपला किनारा कसा दिसतो ते त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

एका सकाळी न्याहारीला तो मला म्हणाला, “एलो, तुझ्या त्या खडकावरून आपलं घर कसं दिसतं गं?”

“लहान.”

“लहान म्हणजे?”

“लहान म्हणजे लहान. पिवळं. तुझा सदरा वाळत असला तर एक पांढरा ठिपका.”

“तू कादंबरी लिहिली असतीस तर एका पानात संपली असती.”

“आरेपा गार होतोय.”

“खडक जवळ आहे,” तो स्वतःशीच म्हणाला. “लांबून यायला हवं. जिथून काहीच दिसत नाही तिथून.”

त्यानं चेंचोला विचारलं. चेंचो म्हणाला, “आधी वास येतो, कोम्पाद्रे. बाल्बीनाच्या कढईतल्या, मोरी मासा भरलेल्या एम्पानाडांचा. मग डाव्या हाताला एक तांबडं गाढव दिसतं, त्याच्या कानात पिवळं फूल—”

“चेंचो.”

“काय?”

“खरं सांग. कसं दिसतं?”

चेंचोनं टोपी मागे सारली. मग डोकं खाजवत म्हणाला, “खरं सांगू? मी कधी बघितलंच नाही. येताना आम्ही माशांकडे बघत असतो.”

तेव्हा लिसांद्रोनं मागितलं. माउलीच्या सणाला आमच्याकडे मूर्ती होडीत बसवून समुद्रावर नेतात, मागे गावच्या सगळ्या होड्या, शिट्ट्या, फटाके, गाणी. पार लांब जायचं, जमीन दिसेनाशी झाली की वळायचं. पुढच्या होडीत, माउलीच्या पायाशी, एक माणूस बसतो. “या वर्षी मला बसव,” तो म्हणाला. “एकदाच.”

मी तिथेच होते; एम्पानाडा घ्यायला गेले होते. झाडाखालची सगळी जाळी थांबली.

“नाही,” चेंचो म्हणाला.

“कोम्पाद्रे—”

“माझं घर माग. माझी बायको माग.”

“ए!” बाल्बीना कढईपासून ओरडली. “मला विचारलंस?”

“बघ, तीसुद्धा नको म्हणत नाही. पण होडी मागू नकोस. अरे, तुझी आई जिवंत होती तेव्हा मला खराट्यानं झोडपायची. आता ती वर आहे आणि तिच्या हातात वारा आहे.”

कुणी हसलं नाही, कारण चेंचोनं न बोललेलं सगळ्यांना ठाऊक होतं. तो नवस झाला तेव्हापासून ला कालेताचा एकही माणूस समुद्रानं ठेवून घेतलेला नाही. वादळं आली, होड्या फुटल्या, माणसं फळीला धरून परत आली. सगळं गाव त्या एका गुडघ्यावर उभं आहे असं आमचे कोळी धरून चालतात. लिसांद्रोही तसंच धरून चालतो. म्हणून तो भांडला नाही.

आमच्या चर्चचे पाद्रे रेमिहियो यांच्या कानावर गेलं तेव्हा ते आपण होऊन घरी आले. “माएस्त्रो, नवस तुम्ही केला नव्हता, तुमच्या आईनं केला. तो तुमच्यावर बांधील नाही. मी दोन वाक्यांत मोकळं करतो. कॉफी व्हायच्या आत.”

“गाठ तुम्ही मारली नव्हतीत, पाद्रे.”

“सोडवायचा अधिकार आहे मला.”

“असेल. पण उद्या एखादी होडी परत आली नाही, तर चेंचोच्या पोरींना तो अधिकार कुठला ते कोण सांगेल? आणि आईला मी तोंड कसं दाखवू? तिनं त्या रिंगांखेरीज दुसरं काही कधी कानात घातलं नाही.”

पाद्रे कॉफी पिऊन गेले. लिसांद्रोनं कागद पुढे ओढले आणि अगदी साध्या आवाजात मला म्हणाला, “राहू दे, एलो. बेर्नाबेला मी धुक्यातून घरी आणतो. धुक्यात काही दिसावं लागत नाही.”

मला ते फार लागलं. आमच्याकडे धुकं पडत नाही. कधीच नाही. त्या माणसानं जन्मभर आल्याच्या वासाची आग लिहिली, देवमाशावरचा नाताळ लिहिला, पण त्यात चेंचोचा का होईना, कुणाचा तरी जीव होता. हे धुकं कुणाचंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी खडकापर्यंत पोहत गेले, पाठीवर तरंगत राहिले आणि माउलीला म्हटलं, बाई, काहीतरी कर. ती काही बोलली नाही. पाणी मात्र त्या दिवशी इतकं ऊबदार होतं, की मला परत यावंसं वाटेना. आणि तिथेच, परत यावंसं वाटत नसताना, मला कळलं की ती बोलली होती.

आमच्याकडे बोललेला नवस घरातलं कुणीही उचलू शकतं. बाल्बीनाच्या आजोबांनी कबूल केलेलं मेण अजून तिच्या घरून चर्चला जातं. फक्त वजन तेवढंच असावं लागतं, आणि उचलणाऱ्याला ते जड वाटावं लागतं. ज्याला समुद्राची भीती वाटते त्यानं समुद्र सोडला, तर माउली त्याला सोडणं म्हणत नाही.

मी शनिवारची वाट पाहिली. राख आणि फडकं घेऊन गेले, सगळे हात, डोळे, गाढव घासून झाले, आणि शेवटी पाद्रेंना विचारलं, “पाय काढून दुसरा टाचावा लागेल का?”

“कुठला पाय?”

मी सांगितलं. मी रोज पोहते ते त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या खोलीच्या खिडकीतून तो खडक दिसतो.

“दोन्या एलोदिया, तुला हे जड जाईल.”

“हो, पाद्रे. म्हणूनच.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “पाय काढायचं कारण नाही. कुणाचा आहे ते त्यावर कोरलेलं नाही.” मग चष्मा परत लावत म्हणाले, “पेलिकनांना चुकल्यासारखं होईल.”

मी चांदीच्या पायावर बोट ठेवलं आणि म्हटलं: लिसांद्रोला मोकळं कर. इथून पुढे गुडघ्यापर्यंत मी. आईला सांग, रिंगा तिच्याच घरात आहेत. एवढंच. बाहेर आले तेव्हा उन्हानं डोळे दिपले आणि मला उगाचच हसू आलं. आपण या वयात आईची आज्ञा पहिल्यांदाच पाळतोय, कारण तिनं आपल्याला कधी दिलीच नव्हती.

चेंचोला सांगणं भाग होतं. तो टोपी काढून ऐकत होता.

“म्हणजे गुडघा घरातच राहिला,” तो म्हणाला.

“घरातच. फक्त पाय बदलला.”

“मग हरकत नाही. तुझी आई तुला खराट्यानं मारायची?”

“कधीच नाही.”

“तर मग ठीक आहे. तुझ्यावर वारा सोडणार नाही ती.” मग त्याच्या लक्षात आलं. “आणि माएस्त्रोला काय सांगायचं? हे कळलं तर तो होडीत पाय घालणार नाही.”

“मी खोटं बोलत नाही, चेंचो.”

“अगं, तू कशाला बोलतेस? मी कशाला आहे?”

तो लगेच घरी आला आणि दारातूनच गर्जला, “कोम्पाद्रे! पाद्रेनं सोडवलं! माउलीसमोर, लॅटिनमध्ये, सगळ्या होडीवाल्यांच्या साक्षीनं. आम्ही म्हटलं, ठीक आहे, लॅटिनमध्ये असेल तर आमचं काही म्हणणं नाही. पाद्रेच्या हातात हिरव्या काठाचा पेला होता, खिडकीत करडं मांजर बसलं होतं, आणि शेवटच्या शब्दाला ते मांजर उठून निघून गेलं!”

मी चुलीकडे तोंड करून उभी होते. लिसांद्रोनं माझ्याकडे पाहिलं असावं. पण माणसाला एखादी गोष्ट फार हवी असली, की त्याचे कान थोडे बंद होतात. तो एकदम उठला आणि म्हणाला, “टोपी कुठली घालू?”

सणाच्या सकाळी सगळं गाव पुळणीवर होतं. होड्यांना कागदी पताका, चौतारी गिटार, तळणाचा धूर. माउलीला पुढच्या होडीत बसवलं, तिच्या झग्यावरचे सगळे हातपाय उन्हात चमकत होते. लिसांद्रो नवा पांढरा सदरा घालून आला. त्यानं एक पाय होडीत टाकला, दुसरा टाकला, आणि लहान मुलासारखा दोन्ही काठ धरून बसला. पोरं सवयीनं ओरडली, “गुडघा, माएस्त्रो!” आणि मग आपणच चपापून गप्प झाली.

“सुकाणू धरता का, माएस्त्रो?” कुणीतरी विचारलं. “जगभर फिरलात!”

“जगभर फिरलो, पण तेव्हा माझ्याजवळ बेर्नाबे होता,” तो म्हणाला. “तूच धर.”

होड्या निघाल्या. आमच्याकडे बायकांनी माउलीला पोचवायला पाण्यात शिरायची रीत आहे. फुलं टाकत, गात, छातीइतक्या पाण्यापर्यंत जायचं, आणि होड्या परत येईपर्यंत तिथेच थांबायचं. सगळ्यांच्या पुढे दर वर्षी मी असते; बाल्बीना म्हणते, मला कल्ले आहेत. त्या दिवशी मी चालत गेले, पाणी घोट्यांवरून पोटऱ्यांवर आलं, गुडघ्याला लागलं, आणि मी थांबले.

“एलोदिया! काय झालं? ये ना पुढे!”

“इथूनच बरं दिसतंय.”

“पाण्याला काय झालं आज?”

“पाण्याला काही झालेलं नाही गं,” मी म्हटलं. आणि खरंच नव्हतं झालं. ते पायाशी खेळत होतं, झगा ओढत होतं. गोड बोलत होतं. आई म्हणाली होती तसंच.

होड्या ठिपके झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. आम्ही गात राहिलो. माझ्या हातातली फुलं संपली, म्हणून बाल्बीनानं मागे येऊन तिच्यातली दिली आणि माझ्या गुडघ्यांकडे एकदा पाहून, काहीही न विचारता, परत आपल्या जागी गेली. ती काही विचारत नाही असं क्वचितच होतं.

परत आला तेव्हा माझा भाऊ हिरवा पडला होता. चेंचो सांगत होता की माएस्त्रोनं सगळ्या माशांना जेवू घातलं, वाकून वाकून, आणि दर वेळी डोकं वर काढून विचारलं, “आता दिसतंय का? आता?” सदऱ्याची दैना, टोपी समुद्रात गेलेली. दोघांनी धरून वाळूवर उतरवला तेव्हा तो डुलत होता, आणि मी त्याला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. “बेर्नाबेला मी कधी ओकायला लावलं नाही,” तो म्हणाला. “फार अन्याय केला त्या माणसावर. खलाशांचा निम्मा वेळ यातच जात असणार!”

घरी आल्यावर त्याला लिंबू-गुळाचं पाणी दिलं. पोट जाग्यावर आल्यावर त्यानं एक आरेपा मागितला, आणि तो मोडता मोडता म्हणाला, “सांगू काय दिसतं ते?”

“सांग.”

“आधी काहीच नाही. मग एक डोंगर, तो कुठलाही असू शकतो. घर दिसत नाही. चर्च दिसत नाही. पहिल्यांदा दिसतात त्या बायका. पाण्यात उभ्या, रंगीत, सगळ्या अशा बुटक्या बुटक्या, कारण अर्धं अंग पाण्यात.” त्यानं हातानं दाखवलं. “आणि मधे एकच उंच. मी चेंचोला विचारलं, ती उंच बाई कोण? चेंचो म्हणाला, दिसत नाही. मला एका डोळ्यानं दिसत होती, आणि त्याला दोन्हींनी दिसेना.”

मी भांडं घासत होते. घासून झालं होतं, तरी घासत होते.

“चर्चमध्ये मांजर नाही, एलो,” तो हळूच म्हणाला. “पाद्रेंना मांजराच्या केसांनी शिंका येतात. मला त्याच दिवशी कळायला हवं होतं.”

“आरेपा गार होतोय.”

“होऊ दे. तू खडकापर्यंत जायचीस ना रोज?”

“जायची.”

“आणि आता?”

“आता गुडघ्यापर्यंत. आई म्हणायची तसं.”

त्यानं हातातला आरेपा ताटलीत ठेवला. त्याला ते परत घेता येणार नव्हतं, आणि ते त्यालाही माहीत होतं. जो पाय माउलीनं घेतला तो घेतला. आता गावच्या होड्या माझ्या गुडघ्यांवर होत्या. शेवटी तो म्हणाला, “म्हणजे मी मोकळा. मी आता खडकापर्यंत पोहत जाऊ शकतो.”

“तुला पोहता येत नाही.”

“हो, ती एक अडचण आहे.” मग हसला, आणि मीही हसले, आणि भांडं खाली ठेवलं. “ऐक. उद्यापासून मी येतो तुझ्याबरोबर. गुडघ्यापर्यंत मला चांगलं जमतं, तिथला मी जुना जाणकार आहे. तुला शिकवीन. कुठे उभं राहिलं की लाट फसवते, कुठे खेकडे असतात. आणि तुला तो खडक कसा होता ते मला सांगता येईल. एका शब्दापेक्षा जास्त.”

“तू ऊन वर आल्याशिवाय उठत नाहीस.”

“माउलीला शब्द दिलाय. होडीत. दोन उलट्यांच्या मधे.”

“तसले शब्द ती धरत नसेल.”

“तुला काय माहीत? ती अगदी जवळ बसली होती.”

मी काही फारसा विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखी उठले, दिवा लावला, जपमाळ हातात घेतली. डोळे मिटून शेवटच्या मण्यांवर आले होते तेव्हा त्याच्या खोलीचं दार वाजलं. मी डोळे उघडले नाहीत. मधे थांबायचं नसतं. पावलं अगदी दबकत माझ्यामागून गेली, माझी प्रार्थना मोडू नये म्हणून. वाटेत खुर्चीला ठेच लागली, एक दबका शब्द ऐकू आला, तो मी ऐकला नाही असं धरते.

माळ संपवून दारात आले. उजाडत होतं. तो अंगणाच्या टोकापर्यंत पोचला होता, जोडे हातात, पाटलोण गुडघ्याच्या वर दुमडलेली, डोक्याला चेंचोची उसनी टोपी. मागे न बघता, एका डोळ्यानं वाट चाचपत, तो हळूहळू पुळणीकडे उतरत होता.